रास्पबेरी पायला लावलेलं यूएसबी डिव्हाइस सारखं गायब होतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात केळीच्या रायपनिंग चेंबरवर, एक-दोन जिनिंगवर आणि बऱ्याच जणांच्या घरी रास्पबेरी पाय हे छोटे कॉम्प्युटर बोर्ड बसवून देतो, खाली नुसतं पाय म्हणतो, पाय ३, ४, ५ ही त्याची मॉडेल. कॅमेरा, सेन्सर, वजनकाटा, डोंगल, हार्ड डिस्क असं सगळं यूएसबीवरच लटकलेलं असतं आणि फोन येतो तो त्यातलं काहीतरी बंद पडलं म्हणूनच. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय. कमांड इथे देवनागरीत, जशा बोलतो तशा लिहिल्यात, टाइप करताना मात्र इंग्रजी छोट्या अक्षरातच करायच्या, मोठं अक्षर लागेल तिथे मी सांगतो.

डिव्हाइस चालता चालता मधेच बंद पडतं, परत काढून लावलं की चालतं. सगळ्यात आधी काय बघू?

पॉवर. सॉफ्टवेअर नाही, ड्रायव्हर नाही, पॉवर. माझ्याकडे आलेल्या केसेसमधे बहुतेक वेळा एक तर अडॅप्टर कमी पडत होता नाहीतर अडॅप्टरपासून बोर्डापर्यंतची वायर बारीक होती. पाय ३ ला ५.१ व्होल्ट २.५ अँपिअर लागतात, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअर, आणि हे जे ५.१ लिहिलंय ना ५ च्या ऐवजी, ते मुद्दाम लिहिलंय, वायरमधे थोडं पडणारच हे धरून. पाय ४ चे चारही पोर्ट मिळून बाहेरच्या डिव्हाइसना १.२ अँपिअर देऊ शकतात, त्यात हार्ड डिस्क, डोंगल आणि कॅमेरा असे तिघं बसवले की झालं, एकाने जास्त ओढलं की दुसरा पडतो. म्हणून जो बंद पडतो तोच खराब असं लगेच ठरवू नका, शेजारचा पण बघा.

पण माझ्या अडॅप्टरवर ५ व्होल्ट ३ अँपिअर लिहिलंय की, मग पॉवर कमी कशी?

अडॅप्टरवर जे लिहिलंय ते अडॅप्टरच्या तोंडाशी, तुमच्या बोर्डाला मिळतं ते वायरच्या दुसऱ्या टोकाला. शेतात विहिरीपासून पाइप लांब आणि बारीक टाकला की शेवटच्या वाफ्याला धार किती पोचते ते तुम्हाला मी सांगायला नको, इथेही तसंच आहे. आता हिशोब करून बघा. स्वस्त चार्जिंग वायरमधे बऱ्याचदा २८ गेजची तार असते, तिचा रेझिस्टन्स एका मीटरला साधारण ०.२१ ओहम. करंट जातो आणि परत पण येतो, म्हणजे एक मीटरच्या वायरला तार दोन मीटर, ०.४३ ओहम धरा. बोर्ड आणि डिव्हाइस मिळून १.५ अँपिअर ओढायला लागले की वायरमधेच ०.६४ व्होल्ट खाल्ले जातात आणि ५.१ चे बोर्डावर उरतात ४.४६, आणि पाय ४.६३ च्या खाली गेला की अंडरव्होल्टेजची तक्रार करतो. तीच वायर २० गेजची असेल तर फक्त ०.१ व्होल्ट पडतात. अडॅप्टर तोच, वायर बदलली, प्रॉब्लेम गेला, असं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कुणाकडे जाताना बॅगेत एक जाड वायर टाकूनच निघतो.

वायर घेताना तिच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेलं वाचा, मोबाईलचा टॉर्च मारून वाचा, २८ आणि पुढे २४ असे दोन गेज दिसले तर पहिला डेटाच्या तारांचा, दुसरा पॉवरच्या तारांचा. पॉवरचा नंबर जितका लहान तितकी तार जाड. काहीच छापलेलं नसेल तर ती वायर मोबाईल चार्जिंगलाच ठेवा. आणि लांबी एक मीटरच्या आत, दोन मीटरची वायर लावून बोर्ड पार खिडकीत ठेवायचा हट्ट सोडा, एक्स्टेन्शन बोर्ड पुढे न्या आणि अडॅप्टर जवळ आणा.

मल्टीमीटरने व्होल्टेज कुठे चेक करायचं?

बोर्डावर दोन रांगांत मिळून ४० पिना आहेत, त्यात २ नंबरची पिन ५ व्होल्ट आणि ६ नंबरची ग्राउंड. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल प्रोब २ वर, काळा ६ वर, आणि सगळी डिव्हाइस चालू असताना, कॅमेरा रेकॉर्ड करतोय डोंगल डेटा पाठवतोय अशा वेळी बघायचं, नुसता रिकामा बोर्ड मोजून काही कळत नाही. ४.९ च्या वर असेल तर छान, ४.७ च्या आसपास नाचत असेल तर आजार तिथेच आहे. एक सांभाळा, २ च्या अगदी शेजारी १ नंबरची पिन ३.३ व्होल्टची आहे, प्रोबचं टोक घसरून दोन्हींना एकदम टेकलं तर बोर्ड जातो. त्यामुळे प्रोबच्या टोकाला टेप गुंडाळून फक्त दोन मिलीमीटर धातू उघडा ठेवतो मी.

मीटर नाहीये माझ्याकडे.

मग बोर्डालाच विचारा. व्हीसीजेनसीएमडी, स्पेस, गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड. उत्तरात झिरो एक्स झिरो आलं तर पॉवर ठीक. ५०००० आलं म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलं होतं आणि बोर्डाने स्पीड कमी केला होता, ५०००५ आलं म्हणजे आत्ता या क्षणी पण तेच चाललंय. रिस्टार्ट केला की हा रेकॉर्ड पुसला जातो म्हणून आधी कमांड मारा मग रिस्टार्ट करा, लोक नेमकं उलटं करतात आणि मग सांगतात झिरो दाखवतोय. स्क्रीन लावली असेल तर कोपऱ्यात पिवळी वीज दिसते ती पण हीच खूण, आणि पाय ३ वर लाल लाइट मधे मधे विझत असेल तर तेही तेच.

आमच्याकडे फक्त रात्री बंद पडतं, दिवसभर एकदम ओके. असं का?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण यात मी स्वतः आठ दिवस घालवलेत. चोपड्याकडच्या एका चेंबरवर पाय ३ बसवला होता, त्यावर क्रेटकडे तोंड केलेला कॅमेरा, तापमानाच्या सेन्सरचा यूएसबी कन्व्हर्टर आणि एक डोंगल. केळी पिकवताना इथिलीन सोडून चेंबर १६ ते १८ डिग्रीच्या आसपास धरावं लागतं, रात्री दोन तास रेकॉर्ड गायब झाला तर सकाळी मालकाला समजत नाही की कॉम्प्रेसर नीट चालला की नाही, आणि आत ठेवलेला माल पैशाचा असतो, म्हणून हे नुसतं गॅजेटचं दुखणं नव्हतं. रोज सकाळी तिथले आप्पा फोन करायचे, भो, ते बंद पडी गयं. मी दोनदा कार्ड पुसून नवीन सिस्टिम टाकली, कॅमेरा बदलला, काही फरक नाही.

शेवटी एक रात्र तिथेच मुक्काम केला. शेती फीडरची लाइट रात्रीच्या पाळीला आली, आजूबाजूच्या सगळ्या मोटारींना ऑटो-स्टार्टर बसवलेले, एकाच क्षणी सगळ्या सुरू झाल्या, व्होल्टेज बसलं, चेंबरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉम्प्रेसरची लाइन चालू-बंद करणारा मोठा स्विच, दोन-तीनदा खडखड वाजला आणि त्याच सेकंदाला स्क्रीनवर कॅमेरा डिस्कनेक्टची ओळ आली. अडॅप्टर तर १०० ते २४० व्होल्टवर चालतो म्हणून नुसत्या कमी व्होल्टेजने त्याला फरक पडायला नको होता. मग टॉर्च घेऊन वायर कुठून कशी गेलीय ते हाताने चाचपत गेलो तर सेन्सरची वायर आणि कॉम्प्रेसरची केबल एकाच पट्टीत, झिप टायने एकमेकीला घट्ट बांधलेल्या, तीन मीटर. कॉन्टॅक्टर उघडतो-मिटतो तेव्हा जी ठिणगी होते तिचा झटका शेजारच्या वायरीत घुसत होता आणि कन्व्हर्टरमधून बोर्डात येत होता. त्यात बोर्डाची पॉवर वायर बारीक, म्हणजे बोर्ड आधीच काठावर उभा. वायर वेगळी करून एक फूट लांबून नेली, जिथे ओलांडायचंच होतं तिथे काटकोनात ओलांडली, इलेक्ट्रिशियनकडून कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर स्नबर (असा झटका शोषून घेणारा छोटा पार्ट) लावून घेतला आणि जाड पॉवर वायर टाकली. त्यानंतर आप्पांचा फोन येतो तो चहाला या म्हणून.

तर रात्री पडत असेल तर कितीला पडतं ती वेळ लिहून ठेवा आणि त्या वेळेला आजूबाजूला काय सुरू होतं ते बघा. फ्रीज, पाण्याची मोटर, लाइट जाणं-येणं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडला आहे का तेही बघा, नाहीतर लाइट गेल्यावर बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात बोर्ड झोपतो.

पॉवर बँकवर चालवलं तर?

चालतं, पण लाइट गेली किंवा आली की बऱ्याच पॉवर बँका चार्जिंगवरून बदलताना क्षणभर आउटपुट तोडतात. घेण्याआधी प्लग काढून-लावून बघा, बोर्ड रिस्टार्ट झाला तर ती उपयोगाची नाही.

एररच्या ओळी कुठे दिसतात आणि त्यातलं काय वाचायचं?

सुडो डीमेसेज मायनस टीडब्ल्यू, डीमेसेज म्हणजे डी एम ई एस जी ही पाच अक्षरं, शेवटचा टी मोठा, डब्ल्यू छोटा. ही विंडो उघडी ठेवा आणि डिव्हाइस पडायची वाट बघा, पडलं की ओळ तिथल्या तिथे येते. अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड दिसलं तर वरचं सगळं परत वाचा. ओव्हर-करंट दिसलं तर पोर्टमधून जास्त ओढलं जातंय किंवा पोर्टात काहीतरी शॉर्ट आहे. डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड आणि पुढे मायनस ७१ म्हणजे बोलणं सुरू झालं पण मधे तुटलं, सिग्नल खराब, हे जास्त करून वायर, सैल पोर्ट किंवा बाहेरचा नॉइज. मायनस ११० म्हणजे डिव्हाइसने उत्तरच दिलं नाही, टाइमआउट, तिथे पॉवर कमी किंवा डिव्हाइस हँग. नुसतं यूएसबी डिस्कनेक्ट आणि लगेच न्यू डिव्हाइस अशी जोडी परत परत येत असेल तर आधी पोर्ट हलवून बघा, पिन सैल झालेली असते.

चेंबरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. आतली हवा ९० टक्क्यांच्या वर दमट असते, तिथला प्लग सहा महिन्यांनी काढून उन्हात धरून बघा, सोनेरी पट्ट्यांवर हिरवट पावडर दिसेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि शक्यतो बोर्ड चेंबरच्या बाहेरच बसवा, आत फक्त सेन्सर.

पाय ५ घेतलाय, माझ्याकडे मोबाईलचा ६५ वॉटचा फास्ट चार्जर आहे, तो तर भरपूर झाला ना?

नाही हो. ६५ वॉट हे २० व्होल्टसारख्या जास्त व्होल्टेजला मिळतात, ५ व्होल्टला असे बरेचसे चार्जर ३ अँपिअरच देतात. पाय ५ ला ५ व्होल्टलाच ५ अँपिअर हवेत, आणि समोरचा तेवढे देत नाही हे कळलं की तो यूएसबीचे सगळे पोर्ट मिळून ६०० मिलीअँपिअरवर आणतो, पूर्ण पॉवर असेल तर १.६ अँपिअर देतो. म्हणून हार्ड डिस्क फिरतच नाही. कॉन्फिग फाइलमधे यूएसबी अंडरस्कोर मॅक्स अंडरस्कोर करंट अंडरस्कोर इनेबल इक्वल टू १ लिहून ही मर्यादा उठवता येते, पण अडॅप्टर खरोखर तगडा असेल तरच लिहा, नाहीतर बोर्डच पडेल. २७ वॉटचा त्याच्यासाठीचाच अडॅप्टर घ्या आणि मोकळे व्हा.

पॉवर्ड हब घेऊ का?

अडीच इंची फिरती हार्ड डिस्क असेल तर घ्याच, ती सुरू होताना क्षणभर एक अँपिअरपर्यंत ओढू शकते. हबला स्वतःचा अडॅप्टर पाहिजे, निदान ५ व्होल्ट ३ अँपिअर. घरी आणल्यावर एक टेस्ट करा. हबचा अडॅप्टर चालू ठेवा, हब पायला जोडा आणि पायची स्वतःची पॉवर काढा. बोर्डाचा लाल लाइट तरीही पेटत राहिला तर हब उलट्या बाजूने करंट ढकलतोय, असा हब दुकानदाराला परत द्या.

एसएसडी लावलीय, पॉवर भरपूर आहे, तरी कॉपी करताना अडकते आणि मग रीसेट दाखवते.

अमळनेरच्या एका मित्राकडे हेच होत होतं, पाय ४, निळ्या (यूएसबी ३) पोर्टात एसएसडी, लग्नाचे व्हिडिओ कॉपी करायला लागला की वीस-तीस सेकंद सगळं थिजायचं. यात दोष डिस्कचा नसतो, डिस्कच्या केसमधे जी साटा ते यूएसबीची चिप असते तिचा असतो. काही चिपांना यूएएस नावाची वेगवान पद्धत नीट जमत नाही. डीमेसेजमधे यूएएस शब्द आणि अबॉर्ट दिसला की समजायचं. उपाय असा की एलएसयूएसबी कमांड मारून त्या केसचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर काढा, मग सीएमडीलाइन फाइल उघडा, २०२३ च्या बुकवर्म या सिस्टिमच्या आवृत्तीपासून ती बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमधे असते, त्याआधी थेट बूटमधे. त्यात आहे त्याच ओळीत एक स्पेस देऊन यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स इक्वल टू, व्हेंडर नंबर, कोलन, प्रॉडक्ट नंबर, कोलन आणि शेवटी छोटा यू. ओळ एकच राहिली पाहिजे, एंटर मारलं तर बोर्ड कदाचित बूटच होणार नाही. स्पीड थोडा कमी होतो, पण अडकणं थांबतं. मित्राने नंतर केस बदलली आणि ही ओळ काढून टाकली, ते जास्त बरं.

आणि एफस्टॅबमधे, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क जोडायची त्या यादीच्या फाइलमधे, डिस्कचं नाव न लिहिता तिचा स्वतःचा ओळख नंबर म्हणजे यूयूआयडी (हा शब्द मोठ्या अक्षरात) लिहा, पुढे नोफेल टाका. नाहीतर डिस्क दिसली नाही की अख्खा बोर्ड सुरू होताना अडकून बसतो.

एसएसडी लावली की वायरलेस माउस उड्या मारतो, वायफाय पण ढेपाळतं.

यूएसबी ३ चालू असताना त्याच्या इलेक्ट्रिकल नॉइजचा काही भाग २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, इंटेलने २०१२ मधेच यावर पेपर काढलाय. माउस, झिगबीचं डोंगल आणि २.४ वालं वायफाय त्याच पट्ट्यात बोलतात. माउसचं डोंगल काळ्या (यूएसबी २) पोर्टात लावा आणि मधे अर्धा-एक मीटरची एक्स्टेन्शन वायर टाकून एसएसडीपासून दूर न्या, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाका.

वजनकाटा काल टीटीवाय यूएसबी ० (बोर्डाने त्याला दिलेलं नाव) वर होता, आज १ वर गेला, आमचं बिलिंग बंद पडलं.

डिव्हाइस क्षणभर तुटून परत आलं आणि जुनं नाव प्रोग्रामने धरूनच ठेवलेलं असलं की त्याला पुढचा नंबर मिळतो. म्हणजे तुटलं का ते शोधायचं आहेच, पण तोपर्यंत बिलिंग थांबू नये म्हणून प्रोग्राममधे ० किंवा १ न लिहिता डेव्ह, सिरियल, बाय-आयडी या फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या, ते बदलत नाही. सीएच३४० चिपच्या स्वस्त कन्व्हर्टरमधे सिरियल नंबर नसतो, त्यामुळे दोन सारखे कन्व्हर्टर असतील तर बाय-आयडीत गोंधळ होतो, तिथे बाय-पाथ वापरा, मग कुठला कन्व्हर्टर कुठल्या पोर्टात ते ठरून जातं. पोर्टाला पेंटने ठिपका द्या, कापूस सीझनला घाईत कोणीतरी वायर काढून दुसरीकडे लावतंच.

डोंगल शेतात सारखं तुटतं, घरी चांगलं चालतं.

सातपुड्याच्या पायथ्याला रेंज कमी, डोंगलला जोर लावून बोलावं लागतं, जोर लावला की करंट जास्त. घरी टॉवर जवळ असतो म्हणून तिथे कमी ओढतं. पॉवर्ड हबवर टाका आणि एक्स्टेन्शनने उंचावर न्या. काही डोंगल आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात आणि नंतर मोडेम होतात, मधेच तुटलं तर सीडीवरच अडकतात, त्यासाठी यूएसबी मोडस्विच नावाचं पॅकेज टाकून ठेवा.

सेन्सर पंधरा मीटरवर आहे, लांब यूएसबी वायर मिळते, लावू का?

नको. यूएसबी २ ची मर्यादा ५ मीटर. आरएस-४८५ चे सेन्सर घ्या, ते कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत जातात, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांची वायर (ट्विस्टेड पेअर) आणि दोन्ही टोकांना १२० ओहम, आणि यूएसबी कन्व्हर्टर बोर्डाच्या शेजारीच ठेवा.

मे महिन्यात जास्त का बंद पडतं?

भुसावळ, जळगावला बाहेरच ४५ असतं, पत्र्याच्या शेडमधे प्लास्टिकच्या बंद डब्यात बोर्ड ठेवलाय, आत काय होत असेल बघा. बोर्ड ८० डिग्रीला स्पीड कमी करायला लागतो, पण त्याच डब्यातली हार्ड डिस्क बहुतेक ६० लाच हात टेकते. व्हीसीजेनसीएमडी, स्पेस, मेझर अंडरस्कोर टेम्प मारून दुपारी तीनला आकडा बघा. डबा जाळीचा करा, भिंतीच्या उत्तरेकडच्या बाजूला लावा, डिस्क डब्याबाहेर काढा.

ऑटोसस्पेंड बंद करायचं असतं म्हणे?

काही डिव्हाइस थोडा वेळ रिकामं बसलं की झोपतं आणि उठत नाही, तेवढ्यासाठी सीएमडीलाइनमधे यूएसबीकोर डॉट ऑटोसस्पेंड इक्वल टू मायनस १. पॉवरचा प्रॉब्लेम याने जात नाही.

घरी बसून पोर्टची पॉवर बंद-चालू करता येते का?

यूएचयूबीसीटीएल नावाचं टूल आहे. पाय ४ वर एकच पोर्ट बंद करता येत नाही, चारही एकदम जातात, म्हणजे डोंगलवरून लॉगिन केलं असेल तर तुम्ही स्वतःच बाहेर पडाल. तसं असेल तर बंद आणि परत चालू दोन्ही एकाच स्क्रिप्टमधे लिहून मगच चालवा.

सिस्टिम नव्याने टाकून बघू का?

वायर, अडॅप्टर, पोर्ट आणि डीमेसेज हे चारही बघून झाल्याशिवाय नको. मी दोनदा टाकली होती, वर लिहिलंच आहे.

तुमच्याकडे दाखवायला आणायचं तर काय आणू?

फक्त बोर्ड आणू नका. तोच अडॅप्टर, तीच वायर, तेच डिव्हाइस, आणि डीमेसेजचा फोटो न काढता पूर्ण आउटपुट एका फाइलमधे टाकून पेन ड्राइव्हवर आणा. बोर्ड एकटा आणला की माझ्या टेबलावर माझ्या वायरवर तो मस्त चालतो, आणि तुम्हाला चोपड्याहून परत एक चक्कर पडते.